जिभेखालची गोळी

"तोंड उघड, वेंडल. थांब, आधी माझ्याकडे बघ."

गोळी डॉक्टर एडनाच्या बोटांत होती. जिभेखाली ठेवली की नशेची तडफड शमवणारी. पण अंगात आधीची नशा शिल्लक असताना दिली, तर माणसाला जमिनीवर लोळवणारी. वेंडलच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. नाक कोरडं, अंगावर काटा नाही, जांभई नाही; म्हणजे नशा अजून अंगात होती.

"सकाळी काय घेतलंस?"

"आईशप्पथ, काही नाही."

केंटकीच्या त्या डोंगरात एडनानं उभी हयात घालवली होती. खाणकामगारांच्या छात्या तपासल्या, बाळंतपणं केली; वेंडललाही तिनंच जगात आणलं होतं. आता दवाखान्यात निम्मी गर्दी नशेतून सुटू पाहणाऱ्यांची. वेंडलच्या थोरल्या भावाला, रॉयला, शहरातल्या एका दवाखान्यानं 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं. तो उद्या त्याला दिसलाच नाही.

एडनानं ओपलकडे पाहिलं. पोरांची आई, तिची शाळेपासूनची मैत्रीण. पर्स छातीशी धरून बसली होती.

"ओपल, तू दिलंस?"

"त्याची ती नशेची गोळी, अर्धीच दिली गं! एवढा वळणावळणाचा रस्ता, गाडीत कुडकुडत होतं पोर. तुझ्यापर्यंत तरी पोचायला हवं ना?"

वेंडल उठला. "आज नाही ना देणार? चला मग, निघू."

"बस खाली!" एडना कडाडली. "घरी गेलास की परत येत नाहीस तू. इथंच बस. त्रास सुरू होऊ दे, मग देते."

दुपार सरली. बाकीचे पेशंट आले, गेले. वेंडलला जांभया सुरू झाल्या, नाक वाहू लागलं, मग ओकाऱ्या. एडना डोकावून म्हणे, "अजून नाही." धास्तीनं तिला जेवण गेलं नाही. पोर दारातून सटकलं, तर रॉयशेजारी दुसरी कबर.

"अगं, मरतोय तो! कसाई आहेस का तू?" ओपल ओरडली आणि तिचा हात पर्समध्ये गेला.

वेंडलनं ते पाहिलं. "दे ना, आई."

एडना जागची हलली नाही. पर्समधली गोळी आज इथं हिसकावून घेतली, तर उद्या घरी कोण हिसकावणार?

ओपलचा हात बराच वेळ आतच राहिला. मग तिनं रुमालात बांधलेली नशेची उरलेली अर्धी गोळी काढली आणि एडनाच्या तळव्यावर ठेवली.

वेंडलच्या बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या, दंडांवर काटा होता. एडनानं ती अर्धी गोळी खिशात टाकली आणि सकाळची, जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली.

"उघड तोंड. गिळायची नाही हं. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

त्यानं ओठ मिटले. एडनानं वळून पाहिलं. ओपलच्या तोंडात काहीच नव्हतं, तरी तीही ओठ घट्ट मिटून बसली होती. मांडीवरची पर्स उघडीच होती.