बापूंच्या धोतराचं दुपटं

मित्रांनो, मी एक जुनं दुपटं आहे. त्याआधी मी आदिलाबादकडं बेल्याजवळच्या एका गावात लक्ष्मणराव नावाच्या म्हाताऱ्याचं धोतर होतो. सारं गाव त्यांना बापू म्हणे. बापू गेले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, देवकाबाईनं, मला फाडून दुहेरी केलं आणि कडेनं टाके घातले. वापरून मऊ झालेलं कापडच तान्ह्या अंगाला सोसतं. वर्ष भरायच्या आत नातू झाला आणि मी म्हातारपणातून थेट बाळंतिणीच्या खोलीत आलो. ते साल एक्याण्णव.

दुपट्यापुढं कुणी सोंग घेत नाही. त्यामुळं घरातल्यांचा ताळेबंद माझ्याजवळ पक्का असे. बाळाचा बाप नागनाथ : ऐट जमा, धीर येणे बाकी. देवकाबाईच्या नावावर नुसते सल्ले. बाळाची आई पंचफुला बोलायची कमी, पाहायची फार. तिनंच ताडलं, की मी पुरता भिजत नाही. बाळ कुंथायचं, रडायचं आणि माझ्यावर थेंबाथेंबांचे डाग पडायचे.

"पोराले धार नाई लागत," ती म्हणाली.

"दूध ओढून राह्यला ना? गाल पाय त्याचे," देवकाबाई म्हणाली. "बिमार पोरगं असं असते काय वं?"

गाल खरंच होते. तरी पंचफुलानं नवऱ्याला आदिलाबादला नेलंच. तिथं पोटातलं दाखवणारं यंत्र होतं. बाळाच्या पोटावर गार लोण्यासारखं काहीतरी चोपडलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या. डॉक्टर तेलुगू बोलणारे. बाहेर येऊन त्यांनी नागनाथला पुष्कळ समजावलं. नागनाथची तेलुगू कापसाच्या बाजारापुरती. पण बायकोदेखत तसं म्हणायचं कसं? तो "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणत मान डोलावत राहिला.

"काय म्हने डाक्टर?" बसमध्ये पंचफुलानं विचारलं.

"बापूचा पिंड म्हने."

"डाक्टर म्हने?"

"मंग मी म्हन्तो काय? दोनदा म्हने. पिंडम, बापू."

पंचफुला गोंधळली. मीही गोंधळलो. देवकाबाई मात्र अजिबात गोंधळली नाही. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा लवकर शिवला नव्हता, ते तिच्या मनात होतंच. "डाक्टर हुशार हाय," ती म्हणाली. "बरोबर ओळखलं त्यानं." मी बापूंच्या कमरेला जन्म काढला. त्यांची काही इच्छा राहिली असेल, असं मला कधी जाणवलं नव्हतं. पण डॉक्टरपुढं धोतराचं काय चालणार?

पैनगंगेवर पुन्हा पिंड ठेवला. या वेळी कावळा इतका झटकन आला, की देवकाबाईचे हातही धड जोडून झाले नव्हते. सगळे निवांत झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ तापानं फणफणलं. मी त्याच्याखाली कोरडाठाक, आणि तव्यासारखा गरम.

"आत्याबाई, कावळा शिवला ना? मंग ताप काऊन चढला?"

पंचफुलानं विचारलं. देवकाबाई अंगारा शोधायला उठली.

"उद्या पाहू," नागनाथ म्हणाला.

"तुमी या, नाई तर राहा," असं म्हणून पंचफुलानं बाळाला माझ्यात गुंडाळलं. तो मागोमाग आला.

डॉक्टर रागावले. इतके दिवस कुठं होता, असंच काही विचारत असावेत. नागनाथ म्हणाला, "सरे." तेव्हा पंचफुला मोडक्यातोडक्या हिंदीत मध्ये पडली, "साब, आप बोले वैसा ससुर का पिंड डाला. कव्वा भी छुआ. फिर बुखार कायको?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग स्वतःच्या पाठीला हात लावून म्हणाले, "वो पिंड नहीं, अम्मा. मूत्रपिंडम. गुर्दा. और वापु मतलब सूजन."

"बकऱ्याले असते तो गुर्दा?" तिनं नवऱ्याला विचारलं. नागनाथ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. ते तेलुगूत होतं.

सुया टोचून आधी ताप उतरवला. मग बारीक नळी घालून औषध सोडलं आणि फोटो काढले. पाय धरायला आईच लागली. तिनं पाय धरले आणि डोळे मिटले. लघवी खाली यायच्या ऐवजी उलटी वर चढते, असं डॉक्टरांनी बोटानं दाखवलं. आता रोज औषधाचे थेंब आणि वर्षाला एकदा तपासणी.

"म्हंजे बिमार है का नहीं?"

"अभी है. बड़ा होगा तो शायद जाएगा."

ही गोष्ट मनात कोणत्या खणात ठेवायची, ते पंचफुलाला पुढं कित्येक वर्षं कळलं नाही. पोरगं अंगणात उंडारायचं, हसायचं. आणि वर्ष फिरलं, की तेच टेबल. मी आता नुसता उशाखाली घडी होऊन जात असे.

शहाण्णव साली डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "ले जाओ. अब लाना मत."

नागनाथनं डोक्यावरची टोपी काढली. घरी घेऊन जा, हे आमच्याकडं कुणाबद्दल सांगतात, ते तुम्हालाही ठाऊक असेल. पंचफुला मात्र जागची हलली नाही.

"अच्छा है करके मत लाना, का बुरा है करके?"

"अच्छा है करके," डॉक्टर म्हणाले.

"फिर से बोलो."

ते पुन्हा बोलले. तिनं तिसऱ्यांदा बोलायला लावलं, आणि मग माझ्यात तोंड खुपसून रडली.

मित्रांनो, जुन्या कापडाला खळखळून धुवा, उन्हात वाळवा, कुणाच्या तरी तान्ह्याला द्या. आणि दवाखान्यात मान डोलावू नका. मान नंदीबैलही डोलावतो. कळलं नाही तर विचारा, हसतील त्यांना हसू द्या. त्या दिवशी तीनतीनदा विचारलं म्हणून पंचफुलाला दवाखान्याच्या दारातली माणसं हसली होती. ती पोराचं बोट धरून त्यांच्यामधून गेली.