नळातले चाळीस व्होल्ट

माझी बायको कृष्णाबाई काविळीने गेली, त्याला तीन महिने झाले. तिची एक गोष्ट आमच्याकडे अजून हसून सांगतात. ती खोटी आहे, म्हणून हे लिहितो.

मी नागनाथ, मूळचा निपाणीचा. बंगळूरला कारखान्यात वायरमन आहे. जयनगरात चार बिऱ्हाडांची बैठी ओळ आहे, त्यातलं एक आमचं. एकसष्ट साली परसात दिवा हवा म्हणून मी स्वतः वायर ओढली आणि नळाच्या लोखंडी पाइपला पट्ट्यांनी बांधत नेली. काही दिवसांनी ती म्हणाली, नळ चावतो, हाताला झिणझिण्या येतात.

मी नुकताच कामावरून आलो होतो. पायात कारखान्याचे रबरी तळाचे बूट. नळाला हात लावून पाहिला, काही नाही. तुझ्या मनाचे खेळ, असं म्हणून मी शेजारच्या देवाप्पांना ते हसत सांगितलं. त्यांनी तिचं नाव 'करंट अक्का' ठेवलं. सगळी ओळ तेच म्हणू लागली.

मग ती जेवायचा पाट परसात नेऊन त्यावर उभी राहून घागर भरू लागली. एकदा देवाप्पांच्या देखत मी तिला पाटावरून उतरवलं. जेवायच्या पाटावर पाय देतेस, म्हणून बरंच बोललो.

"पाटावर चावत नाही," ती म्हणाली. "का, ते तुम्ही सांगा. वायरमन तुम्ही."

मी पाट उचलून आत नेला. खरं तर उत्तर मला येत होतं. कारखान्याच्या परीक्षेत मी लिहिलं होतं की व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, रेझिस्टन्स म्हणजे वाटेतला अडथळा. दाब तोच आणि अडथळा कमी, तर करंट जास्त.

आता पाणी मीच भरतो. गेल्या आठवड्यात अनवाणी, ओल्या फरशीवरून ओल्या हाताने नळ धरला आणि कोपरापर्यंत झटका बसला. मीटर आणून लावला. नळ आणि ओली जमीन यांच्यामध्ये चाळीस व्होल्ट. माझ्याच एका पट्टीखाली वायरचं आवरण कापलं गेलं होतं. दाब दोघांनाही तेवढाच होता. माझे रबरी तळ आणि कोरडे हात करंट अडवत होते, तिची ओली पावलं अडवत नव्हती. तेवढा अडथळा तिने पाट टाकून मिळवला होता. तोही मी काढून घेतला.

वायर बदलताना देवाप्पा कुंपणाशी आले. जुनी झाली होती, असं मी सांगितलं. करंट अक्का असत्या तर खूश झाल्या असत्या, म्हणाले. मी मान डोलावली. त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या समोर सांगितलं, की कृष्णेला खरंच शॉक लागत होता आणि चूक माझ्या हातची. अंबूबाईंना नवल वाटलं नाही.

"पाइप एकच आहे, अण्णा. आम्हा सगळ्या बायकांना चावायचं. लाकडावर उभं राहायला अक्कांनीच शिकवलं."

मग मला कुणी सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"अक्का नको म्हणाल्या. दिवा आल्यापासून चावतं हे त्यांना कळलं होतं. 'ह्यांच्या हातचं काम आहे, लोक ह्यांना हसतील,' म्हणाल्या."

उरलेल्या दोन बिऱ्हाडांत मी अजून गेलेलो नाही.