छायानाथाचं तूप

तुलेरामच्या धान्यकोठारात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांवर घोंगड्या टांगलेल्या होत्या. समोर छपरावर घालतात तसली दगडाची एक काळी पाटी पाण्यानं भिजवून उभी केली होती आणि तिच्यापुढे एकच दिवा मिणमिणत होता. छायानाथ बाबा संथ सुरात म्हणत होता, "रडू नका, नाव घ्या. दार उघडलंय. येतायत ते."

आणि ते खरंच येत होते! तुलेरामला त्याची वारलेली म्हातारी दिसली, गाय दोहत बसलेली. एकीला तिचं तान्हं दिसलं. हिरामणीनं सासूचा हात घट्ट धरला.

"अम्मा, तो बघा. हसतोय."

खिमीदेवीनं पाटीकडे पाहिलं. तिलाही दिसला. टिकम. आषाढातल्या पुरानं पार्वती नदीत ओढून नेलेला तिचा एकुलता एक. त्याचं अंगसुद्धा हाती लागलं नव्हतं. आता तो ओल्या दगडात उभा होता आणि केसांतून पाणी निथळत होतं.

असं पंधरा दिवस चाललं होतं. बाबाची रीत ठरलेली. "रिकाम्या पोटी हाक मारली तर पितर रुसतात, माझ्या लेकरांनो! आधी खा, मग बोलवा." भर दुपारी प्रत्येकाच्या हातात सारण भरून वाफवलेल्या कणकेचे दोन गरम सिड्डू पडत आणि वरून बाबा स्वतःच्या डब्यातलं तूप ओतत असे. मग दीड तास भजन. मग दार उघडायचं.

तुपाला हिरवट, कडवट वास यायचा. पण सिड्डूच्या पोटात अक्रोडाबरोबर भांगेचं बी वाटून घालायची त्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. बी खाऊन कुणाला नशा येत नाही, पोरंसोरंही खातात. बी आहे म्हणजे वास येणारच, असं समजून कुणाचं नाक अडखळलं नाही.

हिरामणीनं घरचं जेवण सोडलं. तिच्या तीन वर्षांच्या पोरीच्या केसांच्या जटा झाल्या. एकदा चुलीपाशी हिरामणी सासूला हलकेच म्हणाली, "बाबा म्हणतात, अमावास्येला तो मला नदीवर भेटेल. लग्नातली सगळी चांदी घालून यायचं. एकटीनं."

खिमीला हे खटकलं. तरी तिनं सुनेला अडवलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी तिलाही टिकम बघायचा होता.

पण दुसऱ्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. घास चावेना, म्हणून तिनं सिड्डू तसाच अंगावरच्या लोकरी पट्टूच्या घडीत ठेवून दिला. भजन झालं, लोक हुंदके देऊ लागले. खिमीनं डोळे फाडफाडून पाहिलं. पाटी. पाणी. दिवा. बाकी काही नाही.

"बाबा, मला दिसत नाही."

"श्रद्धा आटली तुझी, माई."

तेवढ्यात हिरामणी उठली आणि दार ढकलून बाहेर पडली. खिमी धावली. खाली दरीत धुकं भरलं होतं. कड्यापासून चार पावलांवर तिनं सुनेचा पट्टू पकडला.

"सोडा अम्मा, तो बोलावतोय."

"कुठून गं?"

हिरामणीनं धुक्याकडे बोट दाखवलं. तिच्या डोळ्यांत सासूची ओळखच नव्हती.

सुनेला कमरेशी आवळून परत येताना खिमीनं कोठारामागे बाबाला पाहिलं. तो तळव्यांना मोहरीचं तेल चोळून बोटं पुसत होता. ती जागीच थबकली. तरुणपणी वीस हंगाम तिनं नवऱ्याबरोबर रानात भांगेचे तुरे तळव्यांवर चोळले होते. तळव्यांवर काळी राळ साचते, तोच चरस. ती पाण्यानं सात जन्मांत निघत नाही, तेलानं मात्र विरघळते. तेलात विरघळते, मग तुपात का नाही?

घडीतला सिड्डू घेऊन ती खालच्या गावच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर यांगकी लाहौल खोऱ्यातली, तिशीची, तोंडानं फटकळ. तिनं सिड्डू हुंगला.

"काकी, बियांचा वास नाही हा. चरस तापवून तुपात मुरवलाय."

"चरस तर चिलमीत ओढतात. लगेच चढतो. हा तर दुपारचं खाल्लं की दिवस कलताना चढतो."

"तीच तर चलाखी! धूर चार श्वासांत डोक्यात जातो, म्हणून माणसाला कळतं कशानं चढली ते. पोटातून जायला तास-दोन तास लागतात. तोवर खाल्लेलं विसरलेलं असतं. शिवाय चढते जास्त आणि उतरायला अख्खा दिवस लागतो. नुसत्या पानापेक्षा राळ कितीतरी जहाल. हल्ली तर बर्फाच्या पाण्यात ढवळून, गाळून त्याहून जहाल पूड काढतात. त्यात अंधार, भूक लागलेली मनं, आणि कानाशी 'येतायत' म्हणणारा. दगडातसुद्धा माणूस दिसेल."

खिमीनं सिड्डू परत घडीत गुंडाळला. मग म्हणाली, "म्हणजे तो आलाच नव्हता."



दुसऱ्या दिवशी बाबा ओढ्यावर अंघोळीला गेला असताना खिमीनं त्याचा डबा उचलला आणि तसल्याच डब्यात आपल्या गाईचं तूप ठेवलं. सगळे जेवले. भजन झालं. दोन तास गेले, तीन गेले. कुणाच्या पाठीला कळ लागली, कुणी जांभई दिली.

"आज ग्रह आडवे आलेत," बाबा पुटपुटला.

"ग्रह नाही, माझी गाय आडवी आली," खिमी उठली. पदराखालचा डबा तिनं समोर ठेवला. "हे तुमचं तूप. घ्या, आमच्यासमोर दोन सिड्डू खा याच्याबरोबर."

"माझा उपवास आहे."

"पंधरा दिवस?" खिमीनं बोलावून घेतलेल्या यांगकीचा मागून आवाज आला. लोक हसले, पण ते हसू लगेच विझलं. तिनं घोंगड्या ओढून काढल्या आणि राळेची सगळी गोष्ट उजेडात उभं राहून सांगितली. तुलेरामनं दाराला कडी घातली आणि चौकीवर निरोप धाडला.

हिरामणी मात्र चवताळून सासूवर धावून आली. "तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंत!"

"हो," खिमी म्हणाली. "मलाही दिसायचा तो. तुझ्याआधी मलाच उद्याची घाई असायची. पण तो मेलाय, हिरा. तुला चांदीसकट नदीवर बोलावत होता, तो हा बाबा. टिकम नव्हे."

हिरामणी खाली बसली. पूर आल्यापासून ती पहिल्यांदाच, नशेशिवाय, मोठ्यानं रडली. खिमीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"मेलेलं माणूस दाखवतो असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, आम्हाला खायला काय घातलंस? एक दिवस न खाता बघा, उजेडात बघा. तरीही दिसलं तर मला हाक मारा. माझ्याइतकं ते बघायचं कुणाला नसेल."