हरिभाऊंचा राउटर
"काका, एकदा बंद करून चालू करतो. स्पीड येईल," म्हणत इंटरनेटवाल्या एरॉलने राउटरच्या बटणाकडे हात नेला, तसं हरिभाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"नको. बंद नको करू."

नंदाखाल गावच्या वाडीत जन्म गेलेल्या या माणसाला राउटर कळला तो मुलामुळे. मस्कतला परत जाण्याआधी देवेंद्रने घरात वायफाय बसवून घेतलं आणि म्हाताऱ्याला शिकवायला थेट केळीच्या वाफ्यांपाशी नेलं.

"बाबा, सर्व्हर म्हणजे आपलं बावखल. सगळ्यांचं पाणी त्या तळ्यात साठतं. केबल म्हणजे पाट. आणि राउटर म्हणजे पाट फिरवणारे तुम्ही. माझा फोन एक वाफा, आईचा दुसरा."

"आणि पासवर्ड?"

"वाडीचं कुंपण. नाहीतर शेजारचा कल्पेश फुकटात शिंपून घेईल."

हरिभाऊ खूश झाले. शिकवणी डोक्यात पक्की बसली, जरा जास्तच पक्की. वाफा भरला की पाणी तोडायचं, नाहीतर केळीची मुळं कुजतात, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे मुलाशी बोलणं झालं की ते उठून राउटर बंद करत.

एका दुपारी छातीत कळ आली म्हणून देवेंद्र तिकडच्या इस्पितळात दाखल झाला. ऑपरेशनला नेईपर्यंत तो व्हॉट्सॲपवर घरी फोन लावत राहिला. संध्याकाळी हरिभाऊंनी बटण दाबलं, तेव्हा चुकलेले फोन एकामागून एक येऊन पडले. शेवटी त्याच्या आवाजातला निरोप होता, "बाबा, ऑनलाइन या ना. जरा बोलायचं होतं." तोवर देवेंद्र गेला होता.

केबल तुटली होती, असं त्यांनी बायकोला सांगितलं. खरं सांगायची छातीच झाली नाही.

आता सावित्री चहा घेऊन आली आणि एरॉलसमोर थांबली. "त्या दिवशी तुमची केबल कशी रे तुटली? माझं पोरगं बोलायला तडफडत होतं."

लाइन त्या दिवशी ठणठणीत होती, हे एरॉलला ठाऊक होतं. त्याने हरिभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजला.

"चुकलं काकी," तो मान खाली घालून म्हणाला. "आमच्याच माणसाकडून तुटली. माफ करा."

आपलं पाप परक्याच्या पोराने डोक्यावर घ्यावं, हे मात्र हरिभाऊंना सोसेना.

"खोटं बोलतोय तो. मीच बंद केला होता, सावित्री. पाणी तोडतात तसा."

सावित्रीने नवऱ्याकडे पाठ फिरवली. मग एरॉलच्या हातात कप देत म्हणाली, "घे बाबा, गार होईल."

देवेंद्र गेल्याचं कळलं तेव्हा ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. आज ती मागल्या दाराने एकटीच वाडीत गेली. हरिभाऊ तिच्या मागोमाग उठले आणि उंबऱ्यापाशीच थांबले.