घड्याळ कुठून सुरू करायचं

दुपारच्या बैठकीत एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: एवढा पैसा ओतून आणलेल्या नव्या सिस्टीमने कंपनीचं नेमकं काय भलं केलं? उत्तर द्यायचं होतं फूटपट्टीने. हे नाव तिला ऑफिसनेच ठेवलेलं, कारण दिसेल ते मोजत सुटायचं हाच तिचा धंदा. कंपनी बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग विकायची. कुणाचा पंप अडला, कुणाची लिफ्ट मध्येच लटकली की गिऱ्हाईक फोन करणार, खालच्या मजल्यावरच्या पाच बायका ऑर्डर घेणार, गोदामातून भाग निघणार आणि गाडी सुटणार. ऑर्डर आल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ पूर्वी दोन तास होता. आता सिस्टीम वीस मिनिटं दाखवत होती. असा आकडा हाती असल्यावर माणसाने ताठ मानेने चालावं. शिवाय फूटपट्टीची कच्ची नोकरी या बैठकीनंतर पक्की व्हायची होती.

पण या आकड्याला शेपूट होतं. संगणक विभागाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे सिस्टीमसाहेब म्हणत, अहवालाच्या शेवटी एक सूचना चिकटवली होती. एवढं काम मशीन करतंय तर फोनचं टेबल हवंय कशाला? गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून स्वतःच ऑर्डर भरावी. त्या टेबलाची प्रमुख होती फूटपट्टीची नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, एकाच घरात राहणारी. सकाळी दोघींचे डबे तीच भरायची.

ही सूचना फूटपट्टीने आदल्या संध्याकाळी वाचली होती आणि घरी अवाक्षर काढलं नव्हतं. घरचं नातं ऑफिसात आणायचं नाही हा तिचा बाणा. उद्या कुणी म्हणायला नको की नणंदेसाठी आकडे वाकवते, म्हणून ती फोनच्या टेबलाकडे कधी फिरकायचीही नाही. वर बसून पडद्यावर दिसेल तेच मोजायची. सोवळेपणाचा असाही अतिरेक असतो, आणि तो करणाऱ्याला फार अभिमानाचा वाटतो.

त्या दिवशी मात्र तिला खाली जावं लागलं. मालकांचं नुसत्या आकड्यांनी समाधान व्हायचं नाही, त्यांना ताजं उदाहरण लागायचं. ती टेबलापाशी उभी राहिली तेव्हा एक मुलगी फोनवर गिऱ्हाइकाशी झटत होती. "काळा की करडा? बरं, करडा. त्याच्या खाली चकती आहे का बघा. नाही? मग वरचं झाकण काढा." बऱ्याच वेळाने तिने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर काहीतरी खरडलं. गोदामातल्या माणसाने ते वाचलं, भाग शोधून आणला, गाडीत टाकला. मग मुलीने फळा पुसला आणि सावकाश संगणकाकडे वळून ती ऑर्डर भरली.

"ही आत्ता भरलीस?" फूटपट्टीने विचारलं.

"गाडी सुटताना भरतो ना. नेहमीच. ताईंनीच सांगितलंय."

सिस्टीमचं घड्याळ ऑर्डर भरली की सुरू होत होतं. काम संपल्यावर ऑर्डर भरली तर वीस मिनिटंच काय, दोन मिनिटंही दिसली असती. तिने नणंदेला कोपऱ्यातल्या खोक्यांच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"वन्सं, हे कधीपासून चाललंय?"

"अगं, पहिल्यांदा फोनवर असतानाच भरायचो," नणंद म्हणाली. "पण गिऱ्हाइकाला कुठं माहीत असतं त्याला काय हवंय? ते कळेपर्यंत मशीनचं घड्याळ पळतंय आपलं. तुझे आकडे वाईट दिसायला लागले. म्हटलं, भाग गाडीत चढला की भरा. कुणाचं काय बिघडलं?"

"तुमचं बिघडलंय. त्याच आकड्यांवर आज तुमचं टेबल बंद करतायत."

नणंद खोक्यांना टेकली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग तिने पदर नीट केला.

"तुझी नोकरी पक्की होतेय ना? मग तोंड बंद ठेव. माझं मी बघीन."

फूटपट्टी जिना चढू लागली. बोलावं तर स्वतःची नोकरी जाते, वर खोटी नोंद करवली म्हणून नणंद अडकते. न बोलावं तर पाच बायका घरी बसतात, त्यात नणंदही आलीच. इकडे आड, तिकडे विहीर. तिला नणंदेचा राग आला होता, आणि तेवढीच मायाही दाटून आली होती.

बैठकीत सिस्टीमसाहेबांनी अहवाल झोकात वाचला. मालकांनी चष्मा काढून फूटपट्टीकडे पाहिलं. "आकड्याची खात्री आहे?"

"नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "ऑर्डर काम झाल्यावर भरली जाते. वीस मिनिटं खरी नाहीत."

सिस्टीमसाहेबांचा चेहरा उतरला, पण ते कच्चे नव्हते. "टेबलाच्या प्रमुखांनाच विचारू या की," ते म्हणाले. नणंदेला वर बोलावलं गेलं. ती दारात उभी राहिली, मालकांचा प्रश्न ऐकला आणि पापणी न हलवता म्हणाली, "फोन चालू असतानाच भरतो, साहेब. मोजणी बरोबर आहे."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं फूटपट्टीने पाहिली होती, पण इतक्या शांतपणे नाही. सिस्टीमसाहेब हसून कागद गोळा करू लागले.

"साहेब, तुमच्या फोनवरून खालचं बोलणं ऐकता येतं," फूटपट्टी घाईघाईने म्हणाली. "आत्ता ऐका. आणि भिंतीवरच्या पडद्यावर सिस्टीममधली ऑर्डरींची यादी लावा."

मालकांनी बटण दाबलं. कपडे धुण्याचं दुकान चालवणारी एक बाई तावातावाने सांगत होती, मशीन पाण्यासकट बंद पडलंय आणि दार उघडत नाहीये. खालच्या मुलीने तिला चार गोष्टी विचारल्या, भाग ओळखला आणि म्हणाली, "लिहून घेतलं हं, काळजी करू नका." फोन ठेवल्याचा आवाज आला.

भिंतीवरची यादी होती तशीच राहिली. सगळे तिकडेच बघत होते. यादी अडकली असावी म्हणून सिस्टीमसाहेबांनी ती पुन्हा उघडून पाहिली, तरी तीच. नणंद तेवढी खाली बघत होती, कारण त्या यादीत इतक्यात काही उमटणार नाही हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

"मग खरा वेळ किती?" मालकांनी शेवटी विचारलं.

"माहीत नाही," फूटपट्टी म्हणाली. "सिस्टीमचा फायदा झालाही असेल. पण आपण तो मोजलाच नाही. गिऱ्हाइकाचं घड्याळ त्याने फोन लावल्यापासून चालतं. मी ते ऑर्डर भरल्यापासून चालवलं. ही चूक माझी."

"आणि उशिरा भरायला कुणी सांगितलं?"

"मी," नणंद म्हणाली.

"का?"

"घरातलं कारण आहे."

मालकांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "टेबल राहील. मोजणी पहिल्यापासून. ताई, उद्यापासून तुम्ही फोन घ्याल, प्रमुख दुसरं कुणीतरी असेल. आणि फूटपट्टी, पक्क्या नोकरीचा विषय तूर्त काढू नका."

जिन्याच्या वळणावर नणंद थांबली.

"मी तुला म्हटलं होतं का, मला वाचव म्हणून?"

"नाही. आणि मी म्हटलं होतं का तुम्हाला, वन्सं?"

"म्हटलं नव्हतंस," नणंद म्हणाली. "पण आकडे वाईट आले की मोरीत नळ सोडून रडायचीस. भिंत पातळ आहे गं आपली."

फूटपट्टीला तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, रडू कोसळलं. नणंद तिचा दंड धरून उभी राहिली, आणि खाली फोन वाजायला लागला तरी तिने दंड सोडला नाही.