तुऱ्यातला ऊस

चुलीवरच्या चहाच्या पातेल्याची ताटली खुळखुळली आणि प्रेरणा दारात धावली. तिला वाटलं, ऊसगाड्यांच्या बैलांचे घुंगरूच. बाहेर कुणी नव्हतं. समोर रिकामा रस्ता, आणि घराच्या तिन्ही अंगांना तिचाच ऊस, तुरे येऊन पांढरा पडलेला.

दरवर्षी संक्रांतीच्या आत हे रान मोकळं व्हायचं. मग बांधापलीकडचं शालूबाईंचं दार दिसायचं, आणि आपापल्या उंबऱ्यात बसूनच दोघींच्या गप्पा रंगायच्या. यंदा शिवारातला सगळ्यांचा ऊस गेला, तोही वाढीव दरानं. त्या दरासाठी वडगावच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर अडवणारा कृष्णात, तिचा नवरा, मात्र कळंब्याच्या जेलात होता. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा. "वहिनी, तुमचं नाव वरनंच थांबलंय," एवढंच एकदा म्हणाला. आणि ऊस आतून पोकळ पडत चालला होता.

"पोरी, हायस का घरात?"

मागच्या उसातून पानं बाजूला सारत शालूबाई आल्या. डोक्यावर वाड्याचा भारा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा.

"म्हशीला टाक. आमचा फड सपला आज. किस्नातमुळंच दर गावला बघ. न्हाय कोण म्हणतंय?"

"मग काका एकदा भेटून येतील का त्यांना? गावातलं अजून कुणीच गेलं नाही, काकी."

शालूबाई भाऱ्याची गाठ सोडत राहिल्या. सुटलेली गाठसुद्धा.

"जातील की. नव्या लागणीची नोंद तेवढी हुं दे कारखान्यात. आत्ता गेलं तर डोळ्यावर येतंय गं."

भारा उचलून परत त्यांच्या डोक्यावर द्यावा, असं प्रेरणाच्या मनात आलं. पण म्हशीनं तोंड घातलंसुद्धा होतं.

"चहा तरी घेऊन जावा."

"नगं, हे हुडकत असतील."

आल्या तशाच त्या उसात शिरल्या. पानांची सळसळ लांब गेली, थांबली. आत चहा उतू गेल्याचा वास सुटला.

मोना इतका वेळ दाराला टेकून बघत होती.

"आई, शालूआज्जी रस्त्यानं का नाही आली?"

"उसातनं जवळ पडतं, बाळा."

मोनानं तुऱ्यांकडे पाहिलं.

"मग आपला ऊस तुटल्यावर ती कुठनं येणार?"