मायच्या श्वासापुरती जागा

निकेशनं बटण दाबलं आणि मायच्या आवाजाखालचं जंगल मागं सरकलं.

"आता ऐका भाऊ," तो म्हणाला.

कुलदीपभाऊंची वडश्याला नाटक कंपनी होती आणि नव्या नाटकात त्यांना मोहा वेचतानाचं खरंखुरं गाणं हवं होतं. त्यासाठी ते मूलला, निकेशच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत येऊन बसले होते. निकेशनं कालच सकाळी आपल्या मायला मोहाखाली गायला लावलं होतं. एक माईक तिच्या पदराला, दुसरा झाडाच्या खोडाला. दोन आवाज एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून त्यानं साइडचेन लावली होती. माय गायली की जंगल आपोआप दबायचं, ती श्वासाला थांबली की वर यायचं. या युक्तीचा त्याला भारी तोरा. कुणी विचारो न विचारो, समजावून सांगायचा.

'मोहा पडे टपाटपा, वेच गे बाई...'

माय थांबली. पाला वाजला. माय गाऊ लागली. पाला थांबला.

"पाला लय मस्त वाजते," कुलदीपभाऊ म्हणाले. "मायच चालून राह्यली वाटते."

निकेश फुशारला. आपली करामत नसती तर कशी खिचडी झाली असती, हे दाखवायला त्यानं साइडचेन काढून टाकली आणि झाडावरच्या माईकचा आवाज तेवढा लावला. माय आता लांबून ऐकू येत होती. होले सलग घुमत होते, वारा सलग होता.

पाला मात्र तसाच. माय गायली की थांबायचा, माय थांबली की वाजायचा. आणि दर वेळी थोडा जवळ.

निकेशनं तो तुकडा पुन्हा लावला. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला मायनं आधीच जाळला होता. तिकडं सगळेच जाळतात. तिच्या पायाखाली नुसती काळी भुई होती. पाला होता तो पलीकडं, झुडपांत. आणि काल हा शहाणा कानाला हेडफोन लावून फक्त मायचा आवाज ऐकत बसला होता.

मागच्या महिन्यात त्याच जंगलात वाघानं गुराखी मारला होता. निकेशनं मायला अडवून पाहिलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं. मोहा काही आपल्यासाठी थांबत नाही, आणि गात राहिलं की जनावर दूर राहतं. आजही ती शेजारच्या रीताकाकूला घेऊन तिथंच गेली होती. त्यानं तिला फोन लावला.

फोन तिनं बऱ्याच वेळानं उचलला.

"माय, काकू संगं हाय ना?"

"रीता गेली टोपली रिती कराले. येईल आता. काऊन?"

"खाली वाकू नको. उभी राह्य, अन् गाणं म्हण."

"आता? येडा झाला का रे?"

"म्हण ना, माय."

कुलदीपभाऊ उठून बाहेर गेले आणि मायच्या गावातल्या ओळखीच्या लोकांना फोन लावू लागले.

माय हसली आणि गायला लागली. निकेशनं फोन कानात रुतवला. एक ओळ झाली. ती श्वासाला थांबली.

काहीच ऐकू आलं नाही. हे फोन बोलणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवतात, आजूबाजूचं सगळं गाळून टाकतात. हेही त्यानंच लोकांना कौतुकानं सांगितलं होतं.

"थांबू नको," तो म्हणाला.

माय दुसरी ओळ गायली. तिसरीआधी ती जरा जास्तच वेळ थांबली.